बिलासाठी मोबाइल नंबर द्यावाच लागतो का?

पुण्याहून एका वाचक भगिनींनी पाठवलेले पत्र थोडे संक्षिप्त करून देत आहे.

"मी महापालिकेच्या शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाले. पेन्शन बँकेत जमा होते आणि मुलाच्या आग्रहामुळे गेली दोन वर्षे मी दुकानात रोख पैशांऐवजी डेबिट कार्ड वापरते. गेल्या महिन्यात भाचीच्या लग्नासाठी लक्ष्मी रोडवरच्या एका मोठ्या दुकानातून साड्या घेतल्या. काउंटरवरच्या मुलाने मोबाइल नंबर विचारला. 'कशाला?' असे विचारल्यावर 'नंबर टाकल्याशिवाय बिल निघत नाही' असे तो म्हणाला. मागे रांग होती, म्हणून मी नंबर सांगितला. मग त्याने कार्ड घेतले. मशीनची वायर माझ्यापर्यंत पोहोचत नव्हती, म्हणून पिन विचारला, आणि चष्मा पर्समध्ये असल्यामुळे मीही तो सांगून टाकला. तेव्हापासून रोज जाहिरातींचे मेसेज येतात. पण खरा मनस्ताप झाला तो आमच्या नेहमीच्या मेडिकलमध्ये. माझी धाकटी मुलगी मानसोपचारतज्ज्ञांचे उपचार घेत आहे आणि तिच्या गोळ्या मी आणते. परवा तिथे नवीन मुलगा होता. त्याने माझा नंबर टाकला, कॉम्प्युटरवर पाहिले आणि गोळ्यांचे नाव मोठ्याने वाचून 'दर महिन्याला याच नेता ना?' असे विचारले. शेजारी आमच्याच सोसायटीतल्या बाई उभ्या होत्या. मी काही न बोलता घरी आले. मुलगा म्हणतो, आपण काही चोरी केलेली नाही, मग लपवायचे कशाला? नंबर द्यायला नकार देणे असभ्यपणाचे आहे का? दुकानदाराला तो मागण्याचा हक्क आहे का? की मी पुन्हा रोख पैसेच वापरावेत?"

ताई, सप्रेम नमस्कार.

आपल्या प्रश्नांकडे वळण्याआधी एक काम सांगते, ते आजच करा. कार्डाचा पिन बदला. एटीएमवर किंवा बँकेच्या ॲपमध्ये ते दोन मिनिटांत होते. डेबिट कार्डाने दुकानात पैसे देताना पिन टाकणे रिझर्व्ह बँकेने २०१३ च्या डिसेंबरपासून सक्तीचे केले, त्याचे कारणच हे की कार्ड कोणाच्याही हाती लागू शकते, पण पिन एकाच माणसाच्या डोक्यात असतो. तो बँकेतल्या कर्मचाऱ्यालाही माहीत नसतो. आपण तो उच्चारला त्या क्षणी काउंटरवरच्या मुलाने, रांगेतल्या लोकांनी आणि कोणी ऐकत असेल तर त्यानेही तो ऐकला. त्या मुलाच्या मनात काही वाईट नसेलही, परंतु उद्या कार्ड कुठे विसरले तर पेन्शनच्या खात्याला कुलूप उरलेले नसेल. रिझर्व्ह बँकेचे ६ जुलै २०१७ चे परिपत्रक ग्राहकाला चांगले संरक्षण देते: बँकेची किंवा ग्राहकाची चूक नसताना तिसऱ्याच कोणामुळे खात्यातून पैसे गेले आणि ग्राहकाने तीन कामकाजाच्या दिवसांत बँकेला कळवले, तर त्याच्यावर कोणताही भार पडत नाही. मात्र ग्राहकाने स्वतःच पिन कोणाला सांगितला असेल, तर बँकेला कळवण्याच्या क्षणापर्यंतचे सगळे नुकसान त्याचे स्वतःचे, असेही तेच परिपत्रक म्हणते. बँकेत इतकी वर्षे काम करताना मी हा नियम किती ज्येष्ठ नागरिकांना उशिरा समजावून सांगितला आहे, हे आठवले की आजही वाईट वाटते.

आता मुख्य प्रश्न. नंबरशिवाय बिल निघत नाही, हे त्या मुलाने आपल्याला सांगितले ते कायद्याच्या दृष्टीने खरे नाही. जीएसटीच्या नियमांत बिलावर काय काय असावे याची यादी दिलेली आहे. आपल्यासारख्या सामान्य ग्राहकाला, म्हणजे ज्याच्याकडे जीएसटी नोंदणी नाही अशा व्यक्तीला, पन्नास हजार रुपयांपेक्षा कमी रकमेचे बिल देताना ग्राहकाचे नाव आणि पत्ता लिहिण्याचीही सक्ती नाही. रक्कम पन्नास हजार किंवा त्याहून अधिक असेल तर नाव आणि पत्ता लागतो. मोबाइल नंबर त्या यादीत कुठेच नाही. मग कॉम्प्युटर अडतो तो का? तर दुकानाच्या मालकाने किंवा त्याला बिलिंगचे सॉफ्टवेअर देणाऱ्याने तो रकाना भरल्याशिवाय पुढे जायचे नाही अशी सोय करून ठेवलेली असते म्हणून. तो त्यांच्या धंद्याचा निर्णय आहे, आणि तो बदलणे त्यांच्याच हातात आहे.

हा प्रश्न सरकारपर्यंतही पोहोचला होता. अनेक ग्राहकांच्या तक्रारी आल्यावर केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने मे २०२३ मध्ये किरकोळ विक्रेत्यांसाठी सूचना काढली, की सेवा देण्यासाठी ग्राहकाच्या मोबाइल नंबरचा आग्रह धरू नये. नंबर दिला नाही म्हणून बिल नाकारणे ही ग्राहक संरक्षण कायद्याखालची अनुचित व्यापार प्रथा ठरते, अशी भूमिका विभागाचे तत्कालीन सचिव रोहित कुमार सिंह यांनी तेव्हा जाहीरपणे मांडली होती. २०१९ च्या त्या कायद्यातली अनुचित व्यापार प्रथेची व्याख्या आपण वाचली, तर तिथे आपल्या पत्राशी जुळणाऱ्या दोन गोष्टी सापडतील: विकलेल्या वस्तूचे बिल न देणे, आणि ग्राहकाने विश्वासाने दिलेली वैयक्तिक माहिती कायद्याचा आधार नसताना दुसऱ्याला उघड करणे. पहिली साडीच्या दुकानाला लागू पडते, आणि दुसरीविषयी, म्हणजे मेडिकलमधल्या प्रसंगाविषयी, मी शेवटी लिहिणार आहे.

परंतु कायद्यापेक्षाही मला आपल्याला कार्डाचा व्यवहार कसा चालतो ते समजावून सांगायचे आहे, कारण ते एकदा समजले की रोख की कार्ड या प्रश्नाचे उत्तर आपले आपल्यालाच मिळेल. कार्ड मशीनमध्ये घातले किंवा मशीनवर टेकवले की कार्डावरची चिप त्या एका व्यवहारापुरता एक सांकेतिक आकडा तयार करते. तो आकडा, कार्डाचा क्रमांक आणि रक्कम हे सारे मशीनमधून दुकानदाराच्या बँकेकडे जाते, तिथून रुपे, व्हिसा किंवा मास्टरकार्डच्या जाळ्यातून आपल्या बँकेकडे विचारणा होते, आणि काही सेकंदांत होकार परत येतो. या सगळ्या प्रवासात आपला मोबाइल नंबर दुकानदाराच्या हाती कुठेही पडत नाही. पैसे गेल्याचा मेसेज आपल्या फोनवर येतो तो आपल्या बँकेकडून, कारण नंबर तिच्याकडे नोंदलेला आहे. दुकानदाराकडे जी स्लिप उरते तिच्यावर सहसा कार्डाचे शेवटचे चार आकडे, रक्कम, वेळ आणि व्यवहाराचा क्रमांक असतो, काही कार्डांच्या बाबतीत वर कार्डधारकाचे नाव छापले जाते, पण तेवढ्यावरून आपल्याला फोन करता येत नाही. उलट बँकेला काय कळते? दुकान, रक्कम आणि वेळ. पिशवीत पैठणी होती की पंचे होते, हे बँकेला कळत नाही.

म्हणजे या व्यवहाराच्या दोन वह्या असतात असे समजा. दुकानाच्या वहीत वस्तू आहेत, पण त्या नेणाऱ्याची नीट ओळख नाही. बँकेच्या वहीत माणूस आहे, पण त्याने काय नेले ते नाही. ही आपोआप घडलेली विभागणी मला फार मोलाची वाटते. आपण काउंटरवर दहा आकडे उच्चारतो तेव्हा दुकानाच्या वहीतल्या प्रत्येक वस्तूपुढे आपण स्वतःच आपली ओळख लिहून देतो, आणि तीही अशी ओळख, जी गॅसच्या नोंदणीला, बँकेच्या खात्याला, आधारला आणि पेन्शनच्या कागदांनाही जोडलेली आहे. कार्ड हरवले तर ते बंद करून नवे मागवता येते. नंबर बदलायचा म्हटले तर किती ठिकाणी अर्ज करावे लागतील, याचा हिशेब आपणच करून पाहा. आणि म्हणूनच रोख पैशांकडे परतण्याने आपला प्रश्न सुटणार नाही. रोख पैसे देऊन नंबर सांगणाऱ्याची सगळी खरेदी त्याच्या नावावर नोंदली जाते, आणि कार्डाने पैसे देऊन नंबर न सांगणाऱ्याची बहुतांशी तशी नोंदली जात नाही. जपायचा आहे तो नंबर.

आपल्या चिरंजीवांच्या प्रश्नाचा मला राग आलेला नाही. पुष्कळ शहाणी माणसे तो विचारतात. पण त्यांना एवढेच विचारा, की बहिणीच्या गोळ्यांचे नाव सोसायटीतल्या बाईंनी ऐकले त्यात चोरी कोणाची होती? काही गोष्टी गुन्हा म्हणून झाकलेल्या नसतात. त्या सांगायच्या की नाही, कोणाला आणि केव्हा, हे ज्याचे त्याने ठरवायचे असते म्हणून त्या घरात असतात. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी एकमताने हेच सांगितले, की खासगीपणा हा राज्यघटनेने दिलेला मूलभूत हक्क आहे. आपण निवृत्त आहात म्हणून मुद्दाम सांगते, तो खटला ज्यांच्या नावाने ओळखला जातो ते के. एस. पुट्टस्वामी हे कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती होते, आणि न्यायालयाचे दार त्यांनी ठोठावले तेव्हा त्यांचे वय ऐंशीच्या पुढे गेलेले होते.

आता असभ्यपणाविषयी. नकार देणे असभ्य नाही, पण तो कोणाला द्यायचा हे लक्षात असावे. काउंटरवरचा मुलगा पगारावर काम करतो, दिवसाला किती नंबर गोळा झाले याचा हिशेब त्याला वरिष्ठांना द्यावा लागत असेल, आणि त्याच्याशी वाद घालून आपले काहीच साधणार नाही. शांतपणे म्हणा, "नंबर देत नाही, मला छापील बिल द्या." हे वाक्य वस्तू काउंटरवर ठेवतानाच म्हणा, कारण रांग आपल्या पाठीमागे वाढली की माणूस गडबडतो. तो म्हणालाच की सिस्टीम पुढे जात नाही, तर "तुमच्या मॅनेजरना बोलवा, मी बाजूला थांबते" असे सांगा. बहुतेक ठिकाणी दुकानाचा स्वतःचा एखादा नंबर टाकून बिल निघते. ती सोय त्यांच्याकडे असते, फक्त ती आपणहून सांगितली जात नाही. आणि एक विनंती: सुटका म्हणून मनाला येईल तो खोटा नंबर सांगू नका. तो कोणाचा तरी खरा नंबर असू शकतो, आणि मग आपले बिल व आपल्यासाठीच्या जाहिराती एका अनोळखी माणसाच्या फोनवर जाऊ लागतात. जो त्रास आपल्याला नको आहे तो दुसऱ्याला का द्यावा?

एवढे करूनही बिल नाकारले, तर ग्राहकांसाठीच्या राष्ट्रीय हेल्पलाइनवर, म्हणजे १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते. दुकानाचे नाव, तारीख आणि वेळ लिहून ठेवा.

नंबर कुठेच देऊ नये असे माझे म्हणणे नाही. फ्रिज घरपोच यायचा असेल, ब्लाउज शिवायला टाकला असेल, चष्म्याची काच यायची असेल, तर नंबराशिवाय काम कसे होणार? तिथे तो त्या कामासाठी दिला जातो आणि ते आपल्याला माहीत असते. पॉइंट्स आणि सवलतीचे कार्डही पटत असेल तर जरूर घ्या, फक्त आपल्या खरेदीची यादी हीच त्या सवलतीची किंमत आहे हे ठाऊक असू द्या. त्याचप्रमाणे दोन लाखांहून मोठ्या खरेदीला, उदाहरणार्थ लग्नाच्या दागिन्यांना, सराफ पॅन मागतो ते प्राप्तिकराच्या नियमामुळे, तिथे त्याच्यावर संशय घेऊ नका. मात्र पॅनऐवजी किंवा पॅनबरोबर आधारची झेरॉक्स कोणी मागितली, तर ती कशासाठी हे विचारा, आणि द्यावीच लागली तर ज्यावर शेवटचे चार आकडेच दिसतात अशी मास्क्ड आधारची प्रत द्या.

कार्ड हाताळण्याविषयी थोडे. कार्ड नजरेआड जाऊ देऊ नका. मशीनची वायर पोहोचत नसेल तर आपण काउंटरच्या आत दोन पावले जायला हरकत नाही. पिन मात्र स्वतःच्याच बोटांनी आणि दुसरा तळहात आडवा धरून टाका, कारण काउंटरच्या वर कॅमेरा असतो आणि तो चोरांवर नजर ठेवण्यासाठी लावलेला असला तरी त्याला कळफलकही दिसतो. चष्मा आधी लावा, रांग थांबेल. मशीनवर आलेली रक्कम वाचल्याशिवाय पिन टाकू नका. कार्डावर लाटांसारखे चिन्ह असेल, ज्याला पुष्कळ लोक वाय-फाय कार्ड म्हणतात, तर पाच हजार रुपयांपर्यंत पिन न टाकता केवळ टेकवून पैसे देता येतात. त्यात कार्ड दुसऱ्याच्या हातात जातच नाही ही मोठी सोय आहे, पण तेच कार्ड हरवले तर सापडणाराही ते टेकवू शकतो, म्हणून बँकेच्या ॲपमध्ये ही मर्यादा आपल्या गरजेइतकी, समजा एक हजार, करून ठेवा. रिझर्व्ह बँकेने २०२० मध्ये सगळ्या बँकांना अशी सोय देणे बंधनकारक केले, की ग्राहकाला दुकानातले, ऑनलाइन आणि परदेशातले व्यवहार वेगवेगळे चालू-बंद करता यावेत. आपण परदेशी संकेतस्थळांवरून काही घेत नसाल, तर तो व्यवहार बंदच असू द्या. भारतातल्या ऑनलाइन व्यवहाराला ओटीपीसारखी दुसरी पडताळणी लागते, परदेशातल्या पुष्कळ ठिकाणी ती लागत नाही.

आणखी एक गोष्ट क्वचित दिसते, पण दिसली तर तिथेच थांबवा. कार्ड मशीनमध्ये वापरून झाल्यावर काही दुकानांत ते कॉम्प्युटरच्या बाजूच्या फटीतून पुन्हा एकदा ओढत. पहिला व्यवहार बँकेकडे जायचा आणि दुसऱ्याने कार्डाच्या काळ्या पट्टीवरची माहिती दुकानाच्या कॉम्प्युटरमध्ये उतरायची. कार्ड एकाच मशीनला लागले पाहिजे.

मेसेजविषयी आपण लिहिले आहे. १९०९ या क्रमांकावर स्टार्ट हा इंग्रजी शब्द आणि पुढे शून्य असा मेसेज पाठवला की सर्व प्रकारच्या जाहिराती अडवण्याची नोंद होते. परंतु ज्या दुकानाकडे आपली संमती नोंदली गेली आहे, त्याचे मेसेज त्यातूनही येऊ शकतात, म्हणून साडीच्या त्या दुकानाला एक ईमेल किंवा पत्र लिहाच. मजकूर एवढाच पुरे: "अमुक तारखेच्या बिलाच्या वेळी घेतलेला माझा मोबाइल नंबर केवळ बिलापुरता दिलेला होता. जाहिरातीसाठी त्याचा वापर करण्यास माझी संमती नाही. तो आपल्या नोंदींतून काढून टाकून तसे मला लेखी कळवावे." २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात असा नंबर पुसून टाकण्याची मागणी करण्याचा हक्क दिलेला आहे, आणि संमती ही मोकळेपणाने, नेमक्या कामासाठी व कोणतीही अट न घालता घेतलेली असली पाहिजे असेही त्यात म्हटले आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि व्यवसायांवरच्या मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू व्हायच्या आहेत. तोपर्यंत ग्राहक संरक्षण कायदा आहेच, त्यामुळे पत्र आत्ताच लिहायला काही अडचण नाही.

त्या दुकानाच्या नावाने फोन आला आणि "काल आपण इतक्या रुपयांच्या साड्या घेतल्या, कार्डाचे शेवटचे आकडे अमुक, आपल्याला पैसे परत मिळणार आहेत" असे कोणी म्हणाले, तर तपशील बरोबर आहे एवढ्यावरून विश्वास ठेवू नका. नंबर आणि खरेदी एकत्र नोंदलेली असली की असा तपशील कुणाच्याही हाती लागू शकतो. ओटीपी मागितला की फोन ठेवा. पैसे गेलेच तर बँकेला कळवून लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा. तिथे पहिला तास फार महत्त्वाचा असतो.

आता मेडिकल. ताई, आपल्या पत्रातला हा भाग मी तीनदा वाचला. साड्यांची यादी कोणाला कळली तर फार तर जाहिराती येतील, पण औषधांची यादी म्हणजे घरातल्या माणसाचे दुखणे. औषधविक्रेत्याला काही नोंदी ठेवाव्याच लागतात, हे त्याच्या बाजूने सांगितले पाहिजे. औषध नियमांच्या अनुसूची एच-१ मध्ये काही प्रतिजैविके, क्षयावरची औषधे आणि सवय लागू शकणाऱ्या काही गोळ्या येतात. त्या विकताना डॉक्टरांचे नाव व पत्ता, रुग्णाचे नाव, औषध आणि त्याचे प्रमाण वेगळ्या नोंदवहीत लिहून ती वही तीन वर्षे जपावी लागते. तेव्हा तो चिठ्ठी मागेल, रुग्णाचे नाव विचारेल, ते त्याला सांगा. पण त्या नोंदीला मोबाइल नंबर लागत नाही, आणि ती नोंद काउंटरवर वाचून दाखवण्यासाठी तर नाहीच नाही.

दुपारी, गर्दी नसताना, त्या दुकानात जा आणि मालकांना भेटा. त्या नव्या मुलाला बोल लागावेत म्हणून जाऊ नका, त्याला कोणी शिकवलेलेच नसणार. मालकांना घडलेले सांगा, आपला नंबर त्या खरेदीपासून वेगळा करायला सांगा, आणि यापुढे चिठ्ठी पुढे केली की औषधाचे नाव न उच्चारता गोळ्या कागदी पिशवीत मिळाव्यात, एवढे मागा. वर्षानुवर्षांचे गिऱ्हाईक म्हणून आपले म्हणणे ते ऐकतील असे मला वाटते. नाही ऐकले, तर मूळ चिठ्ठी आपल्याकडे आहे, ती घेऊन दुसऱ्या मेडिकलमध्ये जाता येते, आणि तिथे पहिल्याच दिवशी, नंबर विचारला जाईल तेव्हा, वर लिहिलेले ते छोटे वाक्य म्हणता येते. जाण्याआधी मात्र मुलीशी बोला. तिच्या औषधांबद्दल दुकानात काय सांगितले जावे आणि सोसायटीतल्या बाईंनी विचारलेच तर काय उत्तर द्यावे, हे ठरवण्याचा पहिला हक्क तिचा आहे.